दुर्गाबाईंची शिरगणती

मिठबावात एखादी बातमी गावभर करायची असली तर ती दुर्गाबाईंच्या कानावर घालावी, असं लोक म्हणत. सकाळी त्यांना सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत खाडीपलीकडे पोचलेली असे. त्यात द्वेष नसे, कुचाळकी नसे. त्यांना माणसांची मनापासून आवड होती, आणि आवडत्या गोष्टीबद्दल माणूस बोलतोच. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलाला मुंबईत गिरणीतून काढलं, कुणाच्या सुनेला डोहाळे लागलेत, सगळं त्यांना ठाऊक असे आणि त्यांच्यामुळे आम्हालाही.

म्हणून एकसष्ट सालच्या शिरगणतीसाठी आमच्या वाडीवर त्यांची नेमणूक झाली तेव्हा लोक हसले. "आता सरकाराक दिल्लीपर्यंत कागद पाठवूची गरज नाय," असं पोस्टाच्या पायरीवर बसून कुणीतरी म्हणालं, "दुर्गाबाय येकदा मोठ्यान बोलली काय तेंका थंयच आयकाक येतला."

आवाज खरोखरच मोठा होता. मुलींच्या शाळेत त्या पाढे म्हणून घेत तेव्हा सुरात पहिला आवाज त्यांचाच. त्या जवळच्याच एका देवळाच्या गावच्या. लहानपणी लग्न झालं, नवरा वर्षा-दोन वर्षांत पटकीने गेला. भावाने माहेरी नुसतं ठेवून न घेता शिकवलं, ट्रेनिंग कॉलेजात पाठवलं, ह्याबद्दल त्या भावाचं नाव देवासारखं घेत. मी लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा आमचे हे इथल्या पोस्टात होते आणि दुर्गाबाई समोरच्या घरात भाड्याने राहत होत्या. पहिल्याच दिवशी त्या परसातून ओरडून मला म्हणाल्या, "वैनी, तुम्ही कॉन्व्हेंटात शिकलात म्हणे. मग मासे खाता की नुसतं इंग्रजी बोलता?" तेव्हापासून आमची मैत्री.

गणतीच्या आधी त्या सूचनांचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या. मराठी सूचना होत्याच, पण शेवटी कायद्यातली काही कलमं इंग्रजीत जोडलेली होती, आणि प्रशिक्षणात साहेबांनी ती घाईत उरकली होती. "ह्यात काय लिहिलंय ते मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "सही मी करायची आहे."

मी वाचून सांगितलं. गणतीत जे कळेल ते गणना करणाऱ्याने कुणालाही सांगायचं नाही, सांगितलं तर शिक्षा. ते कागद पाहण्याचा हक्क कुणालाही नाही. कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून ते चालणार नाहीत. आणि आणखी एक कलम होतं, ते वाचून मी स्वतःच थांबले. रूढीमुळे ज्या बाईला नवऱ्याचं नाव उच्चारता येत नाही, मग नवरा जिवंत असो वा मेलेला, तिच्यावर ते सांगण्याची सक्ती नाही.

"असं खरंच लिहिलंय?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"खरंच."

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्यानं हे लिहिलं, त्याच्या घरात कुणीतरी आमच्यासारखी होती."

पुढे बोलणं वाढलं. प्रत्येकाचा धर्म सरकारला कशाला हवा, असा प्रश्न त्यांना पडला होता. मी त्यांना कॉन्व्हेंटातल्या आमच्या एका सिस्टरची गोष्ट सांगितली. त्या हॉलंडच्या. त्यांच्या देशात दर माणसामागे नगरपालिकेत एक कार्ड असे, नाव, पत्ता, धर्म, सगळं नीटनेटकं. चांगल्या हेतूने ठेवलेलं. मग युद्धात जर्मन आले आणि त्यांना कुठल्या घरात ज्यू राहतात हे शोधत हिंडावं लागलं नाही. सिस्टर म्हणायच्या, आमची कार्डं फार सुबक अक्षरात होती. उलट स्वीडनमध्ये म्हणे चर्चचा पाद्रीच गावच्या माणसांची नोंद ठेवतो, आणि सरकारी कागद कुणीही मागून बघावा अशी तिथली रीत. इंग्लंडात युद्धात प्रत्येकाला ओळखपत्र दिलं होतं. युद्ध संपून वर्षं गेली तरी पोलीस ते मागत राहिले, तेव्हा लोक चिडले आणि सरकारला ती पद्धत बंद करावी लागली.

"आणि आपल्या शेजारी?" दुर्गाबाईंनी दक्षिणेकडे हात केला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. तिथून पळून आलेली माणसं सांगत की तिथले पोलीस कोण कुणाच्या ओसरीवर बसतो हेही लिहून ठेवतात, पण तुरुंगात कोण आहे हे विचारलं तर घरच्यांनाही सांगत नाहीत.

"म्हणजे विचारतात सगळेच," दुर्गाबाई म्हणाल्या. "विचारून झाल्यावर तोंड कुठं उघडतात आणि कुठं मिटतात, तेवढाच फरक."

फेब्रुवारीत गणती सुरू झाली. शाळा सुटल्यावर त्या निघत. एक-दोनदा मीही त्यांच्याबरोबर गेले. वाडीतल्या आनंदीबाईच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, झालेला संवाद माझ्या रोजनिशीत जसाच्या तसा आहे.

"घरवाल्याचा नाव सांगा, आनंदीआक्का."

"तुका म्हायत नाय?" आनंदीबाईने पदर तोंडावर घेतला.

"माका म्हायत आसा. सरकाराक तुमच्या तोंडचा व्हया."

"मगे सरकाराक सांग, नदी आणि देव येकत्र कर."

"खंयची नदी?"

"काशीची."

"आणि देव?"

"अयोध्येचो. लिव आता, माझा तोंड बाटवू नको."

आतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "गंगाराम लिवा हो बाई! हिच्या नादाक लागलात तर सरकार बुडतला."

दुर्गाबाईंनी तिला सांगितलं की नाव घ्यायची सक्ती नाही, तसं कायद्यातच लिहिलेलं आहे. आनंदीबाई चकित झाली. "कायद्यात? मगे सरकाराकय बायल आसा म्हणायची!"

मातृभाषेच्या प्रश्नावर तर घराघरांत भांडणं लागली. बायका 'मालवणी' सांगत, पुरुष आतून ओरडत, "मराठी लिवा, मालवणी काय भाषा आसा?" दुर्गाबाई ज्याने जे सांगितलं ते लिहीत. एका घरात नवरा मराठी आणि बायको मालवणी झाली. "तेंचा जमता कसा ह्या आता कळला," असं त्या वाटेत म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. "वैनी, हे तुम्ही ऐकलं नाहीत. आणि उद्यापासून तुम्ही माझ्याबरोबर यायचं नाही."

मी गेले नाही. म्हणूनच मथुरेच्या घरी काय झालं हे मला माहीत नाही.

मथुरेबद्दल सांगायला हवं. तिचा नवरा सत्यवान चोपन्न साली गोव्यात खाणीवर कामाला गेला. पुढच्याच वर्षी सरहद्द बंद झाली. जाणं-येणं, टपाल, सगळं थांबलं. त्याच वर्षी एका माणसाबरोबर निरोप आला होता, "बरो आसंय, चवथीक येतंय." मग काही नाही. मथुरा आणि तिची मुलगी एका बाजूच्या खोल्यांत राहत, दीर बाबली आणि त्याचं कुटुंब दुसऱ्या बाजूला. मागे हापूसची बाग, दोघा भावांची. उत्पन्न बाबली बघे आणि मथुरेला पोटापुरतं देई. वाईट वागवी असं नाही. पण मागावं लागे.

नवऱ्याचं नाव सत्यवान, म्हणून मथुरा 'सत्य' हा शब्द तोंडात येऊ देत नसे. सत्यनारायणाला ती 'नारायणाची पूजा' म्हणे. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, ही आमच्याकडची समजूत. वडाच्या पूजेला बायका तिला चिडवत, "तुझो सत्यवान आणि तू मथुरा, देवाचो लिवतानाच घोटाळो झालो." ती हसे. कपाळावर कुंकू मोठं लावी.

गणतीला दुर्गाबाई तिच्याकडे गेल्या तेव्हा त्यांनी बाबलीच्या बायकोला आणि जमलेल्या शेजारणींना बाहेर जायला सांगितलं. मथुरेला घेऊन त्या मागीलदारी गेल्या, विहिरीच्या काठाला बसल्या. बाबली दगडी गडग्यापलीकडून बघत होता. त्याला ऐकू काही आलं नाही, पण दोघी बराच वेळ बसल्या होत्या आणि मथुरा डोळे पुसत होती, हे त्याने पाहिलं. छापील प्रश्नांमध्ये एक प्रश्न असा होता: अविवाहित, विवाहित, विधवा, की विभक्त?

त्या संध्याकाळी दुर्गाबाई माझ्याकडे चहाला आल्या. मी विचारलं नाही. त्या आंब्याच्या मोहराबद्दल बोलल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस गोवा मुक्त झाला. सरहद्द उघडली. वाडीतली जी दोन-तीन माणसं तिकडे अडकली होती ती परत आली. मथुरेने ओळखीच्यांकडून चौकशी करवली. खाणीवरच्या मुकादमाला नाव आठवत नव्हतं. पुढची गणपतीची चवथ आली आणि गेली.

त्यानंतर बाबलीने बाग विकायला काढली. देवगडच्या एका व्यापाऱ्याशी बोलणं झालं होतं. मथुरेच्या खोल्या बागेला लागूनच, त्याही सौद्यात होत्या. "तुमका माझ्याकडे जागा आसा, वैनी. ओसरी मोठी आसा," तो तिला म्हणाला. ओसरीवर राहायचं म्हणजे काय हे मथुरेला कळत होतं. ती तालुक्याला जाऊन वकिलाला भेटली. वकील म्हणाले, सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं कायदा धरतो, आणि नव्या कायद्याने विधवेला नवऱ्याचा वाटा मिळतो. दावा लावा. पण विधवा म्हणून लावावा लागेल.

कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून ती तालुक्याहून परत आली आणि आमच्या पडवीत बसून राहिली. तिला चहा दिला तो तिने घेतला नाही.

दावा लागला. बाबलीच्या वकिलाने सांगितलं, हिने स्वतः कुंकू पुसलेलं नाही, आणि एकसष्ट साली सरकारी गणतीत आपण विवाहित आहोत असंच सांगितलेलं आहे. ज्यांनी लिहिलं त्या बाई गावातच आहेत, त्यांची साक्ष घ्या. बाबलीला हे कुठून कळलं? कळलं नव्हतंच. कुंकवावरून त्याने धरून घेतलं होतं.

तो शाळेत दुर्गाबाईंना भेटायला आला. मधली सुट्टी होती, मी मुलीचा डबा द्यायला गेले होते.

"बाई, तुमी कायच करू नका. जज्जान ईचारल्यार फक्त होय म्हणा."

"कशाला होय म्हणू?"

"तिना लगीन झाल्याली म्हणान सांगल्यान, ताका. खोटा बोलूक सांगणय नाय मी. खराच सांगा."

"बाबली, मी खरंही सांगणार नाही आणि खोटंही."

"असा कसा? साऱ्या गावाची बित्तंबातमी तुमच्या तोंडात, आणि हीच तेवढी नाय?" बाबली तेव्हा पंचायतीत होता. जाताना तो म्हणाला, "लय वर्सां झाली तुमका ह्या शाळेत. बदलीची येळ झाली आसतली."

हे मला अपेक्षित होतं. जे अपेक्षित नव्हतं ते चार दिवसांनी झालं. मथुरा स्वतःच आली. दुर्गाबाई माझ्याकडे बसल्या होत्या, मी उठून आत जायला लागले तर मथुरा म्हणाली, "बसा वैनी. लपवचा असा कायच नाय." मग ती दुर्गाबाईंकडे वळली.

"दुर्गाबाय, तू कोर्टात येवन सांग. मी तुका त्या दिवशी काय सांगलेलंय ता."

"काय सांगलेलंस?"

"विधवा म्हणान सांगलेलंय. तुका म्हायत आसा."

दुर्गाबाईंचा चेहरा मी बघत होते. त्यावर होय नव्हतं, नाही नव्हतं. "तुझा तू सांग, मथुरे. मी सांगूचंय नाय."

"अगो, बाबलीन ईचारल्यार सांगू नको! मी सांगतंय ना, सांग म्हणान? माझाच बोलणा ना ता? माझ्या बोलण्यार तुझ्या सरकाराचो कसलो हक्क?"

"सरकाराचो हक्क नाय. म्हणानच तेच्या माणसान बोलूचा नाय."

"मगे माझो आसा ना?"

"आसा. म्हणानच ता तुझ्या तोंडात आसा, माझ्या नाय."

मथुरा उठली. "आयुष्यात कधी तुझ्या तोंडाक कुलूप पडला नाय, दुर्गाबाय. नेमका माझ्याच येळाक पडला?" ती पायरीपर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "कोर्टात माका ता बोलूक येणा नाय. माझ्या तोंडातसून भायर पडणा नाय. म्हणान तुका सांगी होतंय."

ती गेल्यावर मी दुर्गाबाईंवर रागावले. सरळ सांगते, मला त्यांचं पटलं नाही. कायदा बाईला बाबलीपासून वाचवण्यासाठी आहे की तिच्याविरुद्ध उभा राहण्यासाठी, असं मी विचारलं. तिने विधवा सांगितलं असेल तर तुमच्या दोन शब्दांनी तिचं घर वाचेल. तिने तसं सांगितलं नसेल, तर ती आज खोटं बोलतेय, आणि मग तुम्ही गप्प बसणं मी समजू शकते. पण मग तेवढं तरी मला कळू द्या.

"बघा," त्या म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा लगेच हिशेब मांडलात. मी बोलले तर तिनं ते सांगितलं होतं, मी गप्प बसले तर सांगितलं नव्हतं. मग गप्प बसण्याला अर्थ काय राहिला? ज्याच्या कामाचं असेल त्याच्यासाठी बोलायचं आणि इतरांसाठी गप्प बसायचं, तर पुढच्या खेपेला माझं गप्प बसणंच लोक वाचतील. पुढच्या वेळी ह्या वाडीतली कुठली बाई विहिरीवर बसून खरं सांगेल?"

"पुढची वेळ दहा वर्षांनी येणार," मी म्हटलं. "मथुरेचं घर ह्या वर्षी जातंय."

त्या उठल्या, आणि जाताना त्यांचा हात दाराच्या चौकटीवर थोडा वेळ राहिला, वयस्क माणसाचा राहतो तसा.

त्यानंतर मथुरा त्यांच्याशी बोलेनाशी झाली. विहिरीवर समोरासमोर आल्या तर कळशी अर्धी भरूनच निघून जाई. आणि दुर्गाबाई, ज्यांना बोलल्याशिवाय अन्न पचत नसे, त्या संध्याकाळी आपल्या दारात एकट्या बसू लागल्या. लोकांनी त्यांना काही सांगणं कमी केलं होतं. दोन्ही पक्षांना त्या दुसऱ्या बाजूच्या वाटत होत्या.

कोर्टाच्या दिवशी मथुरेबरोबर मी गेले, वाडीतल्या आणखी काही बायकाही आल्या. दुर्गाबाईंना समन्स होतं, म्हणून त्याही आल्या, त्याच एस.टी.त, सगळ्यात मागच्या बाकावर.

त्यांना आधी उभं केलं. बाबलीच्या वकिलाने विचारलं. त्या म्हणाल्या, "मला सांगता येणार नाही." वकिलाने आवाज चढवला, कोर्टासमोर सगळं सांगावं लागतं असं म्हटलं. जज्जसाहेब वयाने तरुण होते. त्यांनी कायद्याचं पुस्तक मागवलं, शांतपणे वाचलं आणि सांगितलं की प्रश्न मागे घ्या. शिरगणतीत कुणी काय सांगितलं हे ह्या कोर्टाला ऐकता येत नाही, ऐकायचं असलं तरी. मग त्यांनी मथुरेच्या वकिलाकडे पाहिलं, त्यालाही काही विचारायचं होतं असं दिसत होतं. "तुम्हालाही नाही," ते म्हणाले.

दुर्गाबाई खाली उतरून बसल्या. आता मथुरेशिवाय बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

कारकुनाने तिला शपथ सांगितली. देवाशपथ सत्य सांगेन, सत्याशिवाय काही सांगणार नाही. मथुरा गप्प. त्याने पुन्हा सांगितली. ती गप्पच. साहेबांनी वर पाहिलं. शपथ घ्यायची नाही का, असं विचारलं. तिचा वकील उठून हळू आवाजात म्हणाला की साहेब, तिच्या पतीचं नाव त्या शब्दात येतं. मागे बसलेल्या पुरुषांत हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. "मग 'खरे सांगेन' म्हणा, बाई. अर्थ तोच आहे. चालेल."

मथुरेने कठडा धरला होता. तिने एकदा बाबलीकडे पाहिलं, मग कुणाकडेच नाही.

"देवाशपथ," ती म्हणाली. आणि मग स्पष्ट, थोड्या वरच्या आवाजात, "सत्य सांगेन."

माझ्याशेजारी आनंदीबाई होती, तिने माझं मनगट गच्च धरलं. पुरुषांना आणि साहेबांना बहुधा एवढंच वाटलं असेल की बाईची भीड चेपली. आमच्यापैकी प्रत्येकीला कळलं की जो शब्द ती इतकी वर्षं तोंडात येऊ देत नव्हती, तो तिने आता का येऊ दिला. ज्याचं आयुष्य कमी होईल अशी भीती होती, त्याचं आयुष्य उरलेलं नाही, हे तिने आमच्यासमोर मान्य केलं.

पुढचं ती मालवणीत बोलली. नवरा नाही असं कशावरून वाटतं, ह्यावर तिने सांगितलं, "साहेबानु, सरहद बंद होती तवसर मी वाट बघलंय. मगे सरहद उघाडली. मगे चवथ इली. चालूक पाय असलेलो आमचो माणूस चवथीक घराक येता. तो इलो नाय." साहेब कोकणातले होते की नाही कोण जाणे, पण त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवला. बाबलीनेही मान खाली घातली. तोही त्या चवथीला वाटेकडे बघत होता, हे मी पाहिलेलं होतं.

बाबलीच्या वकिलाने विचारलं की मग कुंकू का लावता. ती म्हणाली, "आजपासून लावचंय नाय."

निकाल तिच्या बाजूने झाला. बागेचा अर्धा भाग आणि राहत्या खोल्या तिच्या नावे झाल्या.

आज इतक्या वर्षांनी त्या प्रकरणाचा विचार करते तेव्हा मला दुर्गाबाईंचं म्हणणं पूर्वीपेक्षा जास्त पटतं, पण पूर्ण नाही. एक गोष्ट मात्र मला नंतर लक्षात आली. एकसष्टच्या फेब्रुवारीत सरहद्द बंद होती. तेव्हा मथुरेने विवाहित सांगितलं असेल तर ते त्या दिवशी खरं होतं. विधवा सांगितलं असेल तर तेही, तिच्या मनात त्या सकाळी जे होतं ते. माणूस एका दिवशी विहिरीच्या काठावर जे बोलतो, ते दोन वर्षांनी काढून त्याच्यासमोर धरणं हाच अन्याय आहे, उत्तर कुठलंही असो. हॉलंडच्या त्या कार्डांवर जे लिहिलं होतं तेही सगळं खरंच होतं.

निकालानंतरच्या जूनच्या सुरुवातीला दुर्गाबाईंची बदली फोंडाघाटाच्या बाजूच्या एका शाळेत झाली. ती नेहमीची बदली होती की बाबलीने कुणाचे कान भरले, मला माहीत नाही. त्यांनी स्वतः कधी चौकशी केली नाही. "घाटाखाली पाऊस जास्त," एवढंच म्हणाल्या. "माझा आवाज तिथं उपयोगी पडेल."

त्या निघाल्या तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर मी होते, शाळेतल्या मुली होत्या. गाडी उशिरा होती. मथुरा लांबून येताना दिसली. कपाळ मोकळं होतं. ती सरळ दुर्गाबाईंसमोर येऊन उभी राहिली. निकालापूर्वीपासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"आता तरी सांग," ती म्हणाली. "त्या दिवशी मी काय सांगलंय?"

"तुका आठवणा नाय?"

"आठवता. पण तू काय आयकलंस ता माका व्हया."

दुर्गाबाईंनी ट्रंकेवरचा हात काढला. "तू सांगलंस ताच आयकलंय."

मथुरा त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग एकदम हसली. इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "मेल्ये, माका सुदिक सांगूची नाय तू!"

"चाय घेतलंस?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"खंय घेतलंय. तुझ्यासाठी धावत इलंय."

गाडी आली. ट्रंक वर चढवताना मथुरेनेही हात लावला. गाडी वळणाआड जाईपर्यंत दुर्गाबाईंचा आवाज येत होता. कंडक्टरला त्या त्याच्या घरी कोण कोण असतं ते विचारत होत्या.

आम्ही दोघी परत निघालो. वाटेत मथुरा बागेबद्दलच बोलत होती. मधे घालायच्या गडग्याला चिरे कमी पडतायत, बाबली त्याच्या बाजूचे काही द्यायला तयार आहे, पण तो वाटेल तिथून रेषा काढेल. पाऊस धरण्याआधी रचून घेतलं पाहिजे, मी स्वतः उभी राहून रचून घेणार, असं ती म्हणाली, आणि पावलं भरभर टाकू लागली.